चाटणाचं सार

तेराव्या शतकातली गोष्ट. जपानचा सम्राट क्योतोत होता, पण सत्ता कामाकुरातल्या होजो घराण्याच्या कारभाऱ्यांच्या हाती होती. त्यांच्यापैकी होजो तोकियोरी एका रात्री वाड्यात एकटाच साकेचं भांडं घेऊन बसला. एकट्यानं प्यायला करमेना, म्हणून त्यानं नोबुतोकी नावाच्या आप्ताला बोलावणं धाडलं. नोबुतोकीला यायला उशीर होऊ लागला, कारण अंगावर घालण्याजोगा बरा पोशाख मिळेना. तेवढ्यात दुसरा निरोप आला: रात्रीची वेळ आहे, असशील तसा ये. तो आला, पण तोंडी लावायला काहीच नव्हतं आणि नोकरचाकर झोपले होते. कागदाची चूड पेटवून नोबुतोकीनं स्वयंपाकघर धुंडाळलं, तेव्हा फळीवर मातीच्या छोट्या बशीत थोडासा मिसो सापडला. तोकियोरी म्हणाला, एवढं पुरे. मग त्या मिसोवर दोघांची मैफल छान रंगली.

नोबुतोकीनं म्हातारपणी सांगितलेली ही आठवण योशिदा केन्को या भिक्खूनं 1330च्या सुमारास ‘त्सुरेझुरेगुसा’ या आपल्या टिपणसंग्रहात नोंदवली. जुन्या लोकांचा साधेपणा दाखवणं हा त्याचा हेतू होता. स्वयंपाकघराच्या इतिहासात रस असणाऱ्याची नजर मात्र त्या बशीवर खिळते. घरात मिसो आहे, भूक आहे, पण गरम पाण्यात कालवून त्याचं सार करावं असं दोघांनाही सुचत नाही. ते तो तसाच चाटतात. ‘पारंपरिक जपानी न्याहारी’ म्हटलं की डोळ्यांपुढे येणारी टोफू आणि शेवाळाची वाफाळती वाटी त्या काळी मठांबाहेर फारशी रुळलेली नव्हती. तिचे घटक वेगवेगळ्या शतकांत आणि वेगवेगळ्या हातांनी जमा झाले, आणि त्यांतला सगळ्यात जुना घटक म्हणजे हे चाटण.

मूळ चीनचं. तिथे मांस, मासे, धान्य, कडधान्य मिठात मुरवून ‘ज्यांग’ नावाचे लगदे करत. जपानमध्ये त्यांना ‘हिशिओ’ म्हणू लागले. 701 सालच्या ताइहो संहितेनुसार राजवाड्याच्या मुदपाकखान्यात हिशिओचं स्वतंत्र खातंच होतं, आणि त्याच्या जिनसांमध्ये ‘मिशो’ नावाचा पदार्थ होता. अजून पुरता हिशिओ न झालेला, म्हणजे अर्धवट मुरलेला लगदा. मिसोचा पूर्वज बहुधा हाच. पुढे हेइआन काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत, बड्या अधिकाऱ्यांना जो शिधा मिळे त्यात मिसो असे. सामान्य शेतकऱ्याच्या ताटात तो येण्याचं कारणच नव्हतं. तो महाग होता, दाणेदार होता आणि अन्नाला लावून किंवा नुसता खायचा होता.

मिसोचा मुख्य कच्चा माल सोयाबीन. मराठवाड्यात किंवा विदर्भात सोयाबीन म्हटलं की तेलगिरणी आणि पेंड आठवते. दाणा कसदार खरा, त्यात तेलापेक्षा प्रथिनं जास्त, पण नुसता उकडून खाल्ला तर पचायला जड. पूर्व आशियानं त्याच्यावर शोधलेला तोडगा म्हणजे बुरशी. वाफवलेल्या तांदळावर, जवावर किंवा खुद्द सोयाबीनवर एका विशिष्ट बुरशीची बीजं शिंपडून ते उबदार, दमट खोलीत ठेवायचे. दोनेक दिवसांत दाण्यांवर पांढरी लव चढते आणि चेस्टनटसारखा गोडसर वास सुटतो. ही कोजी. ती शिजवून ठेचलेल्या सोयाबीनमध्ये मिठाबरोबर मिसळली की बुरशीतली विकरं कामाला लागतात. पिष्टाची साखर होते, प्रथिनांची अमिनो आम्लं होतात. मीठ इतकं असतं की सडवणाऱ्या जंतूंचा टिकाव लागत नाही, मीठ सोसणारी यीस्ट आणि लॅक्टिक जीवाणू मात्र तग धरून सावकाश चव घडवतात. या बुरशीला आज अ‍ॅस्परजिलस ओरायझी म्हणतात. 2006 साली जपानमधल्या मद्यनिर्मितीच्या अभ्यासकांच्या संघटनेनं तिला ‘राष्ट्रीय बुरशी’ असा मान दिला. बुरशीचा असा सत्कार दुसऱ्या कुठल्या देशानं केला असेल असं वाटत नाही.

या बुरशीसाठी एकदा लढाईही झाली. मध्ययुगीन क्योतोत कोजी बनवून विकण्याचा मक्ता कितानो देवस्थानाशी बांधलेल्या कारागिरांच्या संघाकडे होता. 1419 मध्ये शोगुननं, म्हणजे लष्करी सत्ताधीशानं, तो मक्ता इतका पक्का केला की शहरातल्या साके गाळणाऱ्यांच्या खासगी कोजीच्या खोल्या पाडण्यात आल्या. पण गाळणाऱ्यांच्या पाठीशी हिएई डोंगरावरचा एन्र्याकुजी हा बलाढ्य मठ होता. 1444 मध्ये शोगुनशाहीनं मक्ता काढून घेतला तेव्हा कोजीवाले देवळात ठाण मांडून बसले. सैन्य आत घुसलं, आग लागली आणि देऊळ जळालं. या प्रकरणानंतर कोजी करणं हे गाळणाऱ्यांच्याच कामाचा भाग होत गेलं. बीजाचा धंदा तेवढा वेगळा राहिला. लाकडाची राख मिसळून बुरशीची बीजं शुद्ध ठेवण्याची युक्ती त्या धंद्यातल्या लोकांना माहीत होती: राखेचा क्षार इतर जंतूंना रोखतो, ही बुरशी मात्र त्यात तगते. सूक्ष्मदर्शक नसताना केलेलं हे सूक्ष्मजीवशास्त्रच होतं. राखेची ही युक्ती आजही वापरली जाते.

चाटणाचं सार होण्यासाठी एका साध्या भांड्याची गरज होती. ते म्हणजे सुरिबाची: भाजण्याआधीच आतून कंगव्यानं ओढल्यासारखे बारीक चरे पाडलेला मातीचा खोल वाडगा आणि त्यात फिरवायचा लाकडी दांडा. कामाकुरा काळात चीनशी ये-जा करणाऱ्या झेन मठांमुळे हे भांडं जपानमध्ये रुळलं असं मानतात. दाणेदार मिसो त्यात घोटला की गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत मिसो पाण्यात विरघळतो. मठाला ते सोयीचंही होतं. मांस वर्ज्य, माणसं पुष्कळ, आचारी एक. सोतो झेन पंथाचा प्रवर्तक दोगेन याने 1237 मध्ये मठातल्या आचाऱ्यासाठी ‘तेंझो क्योकुन’ ही छोटी पोथीच लिहिली. तांदूळ कसा निवडावा, हाताशी असलेल्या पालेभाजीला कमी कसं लेखू नये, हे त्यानं ध्यानधारणेइतक्याच गांभीर्यानं सांगितलं आहे. भात, एक सार, एक तोंडीलावणं, ही जेवणाची मांडणी अशा स्वयंपाकघरांतून घडत गेली.

त्याच सुमाराची आणखी एक कथा सांगतात. काकुशिन नावाचा भिक्खू 1254 मध्ये चीनमधून परतला आणि येताना भाज्या घालून मुरवलेल्या किंझांजी मिसोची कृती घेऊन आला. की प्रांताच्या किनाऱ्यावर, युआसाच्या आसपास हा मिसो बनू लागला. त्याच्या पिंपांत साचणारं पाणी फेकून न देता लोकांनी स्वयंपाकात वापरलं आणि त्यातून सोया सॉसची परंपरा सुरू झाली. कथा इतकी नेटकी आहे की ती तशीच्या तशी मान्य करायला मन धजत नाही. पण युआसा हे जपानी सोया सॉसचं जुनं ठिकाण आहे, हे खरं.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत जपान सरदारांच्या आपसातल्या लढायांनी पेटला होता, आणि मिसो सैन्याबरोबर हिंडू लागला. मीठ आणि प्रथिनं एकत्र, वर टिकाऊ. शिपायाच्या कमरेला वाळवलेल्या मिसोच्या गोळ्या असत. सगळ्यात अजब चीज होती ‘इमोगारा-नावा’. अळूचे देठ वाळवायचे, त्यांचा दोर वळायचा, तो मिसोत शिजवून पुन्हा वाळवायचा. वाटेत त्या दोरानं सामान बांधायचं आणि मुक्कामाला पोचलं की दोर कापून गरम पाण्यात टाकायचा. मिसो सुटून सार होई आणि देठ मऊ होऊन भाजी. आपल्याकडे फदफद्यात जाणाऱ्या देठीचं हे लष्करी रूप पाहून कुठल्याही कोकणी घरात हसू फुटेल.

सरदारही मिसोची काळजी दारूगोळ्यासारखी घेत. उत्तरेतल्या सेंदाईचा दाते मासामुने याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मीठ आणि मिसोचं सरकारी कोठार उभारलं. त्याआधी कोरियावर झालेल्या जपानच्या स्वारीत इतरांचा मिसो उन्हाळ्यात नासला आणि सेंदाईवाल्यांचा टिकला, असं तिकडचे लोक अभिमानानं सांगतात. मध्य जपानातल्या ओकाझाकीत, जिथल्या किल्ल्यात 1543 साली तोकुगावा शोगुनशाहीचा संस्थापक इएयासू जन्मला, किल्ल्यापासून पश्चिमेला आठ ‘चो’, म्हणजे जेमतेम पाऊण-एक किलोमीटर अंतरावर हाच्चो नावाचं गाव होतं. तिथला मिसो तांदूळ किंवा जव न घालता नुसत्या सोयाबीनचा करतात. सुमारे सहा टन मिसो लाकडाच्या अवाढव्य पिंपात भरायचा, वर नदीतले गोटे शंकूसारखे रचत जवळपास तीन टन वजन चढवायचं आणि दोन उन्हाळे, दोन हिवाळे हात लावायचा नाही. ही रचना इतकी पक्की की भूकंपातही ढळत नाही, असं तिथले कारागीर सांगतात. गोटे रचायला शिकण्यातच उमेदवाराची अनेक वर्षं जातात. तयार होतो तो गडद तपकिरी, कडसर, घट्ट मिसो.

याच काळात मिसोची नोंद एका युरोपीय भाषेत छापली गेली आणि त्या नोंदीच्या मागे थोडा गोवा आहे. जेझुइट मिशनऱ्यांच्या जपानमधल्या कामाचा कारभार गोव्यामार्फत चाले. युरोपला जाऊन आलेले चार जपानी तरुण परतीच्या वाटेवर गोव्यात थांबले होते. त्यांच्यापैकी हारा मार्तिनो याने लॅटिनमध्ये केलेलं भाषण 1588 मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यांच्याबरोबर आलेला छापखाना 1590 मध्ये जपानला पोचला आणि तिथल्या जेझुइट मुद्रणाची सुरुवात झाली. त्याच मुद्रणातून 1603 मध्ये नागासाकीत जपानी-पोर्तुगीज शब्दकोश निघाला. त्यात मिसोचा अर्थ दिला आहे तो साराला चव आणणारं मिश्रण असा. तोकियोरीच्या बशीपासून साडेतीनशे वर्षांत चाटण मागे पडून सार पुढे आलं होतं.

पण या सारात अजून ‘दाशी’ नव्हती, निदान आजच्या अर्थानं नव्हती. दाशी म्हणजे मिसो कालवण्याआधीचं चवदार पाणी. ते दोन वस्तूंपासून काढतात आणि दोन्ही एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतल्या, जलवाहतुकीमुळे सर्वदूर पोचल्या. पहिली कोंबू, म्हणजे जाड, रुंद पात्याचं समुद्रशेवाळ. ते वाढतं थंड पाण्यात, होक्काइदोच्या किनाऱ्याला. 1672 मध्ये कावामुरा झुइकेन याने पश्चिम किनाऱ्याला वळसा घालून ओसाकाला जाणारा सागरी मार्ग बसवून दिला. पुढे त्या वाटेनं उत्तरेचा माल, कोंबूसुद्धा, ओसाकाच्या वखारींत ओतला जाऊ लागला. म्हणूनच जिथे कोंबू मुळीच उगवत नाही त्या क्योतो-ओसाकाच्या स्वयंपाकात ती सगळ्यात मुरलेली दिसते. दुसरी वस्तू कात्सुओबुशी: ट्युनाच्या कुळातला कात्सुओ मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक केलेला. धुरी देण्याची पद्धत 1674 च्या सुमारास की प्रांतातल्या जिंतारो नावाच्या कोळ्यानं तोसा प्रांतात बसवली, अशी परंपरा आहे. नंतर त्या टणक तुकड्यांवर मुद्दाम बुरशी चढवून ते आणखी सुकवू लागले. म्हणजे एकाच वाटीत दोन बुरश्यांची मेहनत.

आज घरी हे सार करायचं तर कोंबूचा तुकडा थंड पाण्यात अर्धा तास तरी भिजत ठेवतात. मग मंद आचेवर तापवतात आणि उकळी फुटायच्या आत कोंबू काढून घेतात, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि उग्र होतं. त्यात कात्सुओबुशीची किसलेली पापुद्री पानं मूठभर टाकतात, ती खाली बसली की गाळून घेतात. या पाण्यात टोफू, भिजवलेलं वाकामे शेवाळ, कांद्याची पात किंवा मुळा-बटाट्याच्या फोडी शिजवतात. मिसो अगदी शेवटी, आच बंद करून. तो थेट भांड्यात टाकत नाहीत, पळीत किंवा बारीक गाळणीत घेऊन थोड्या पाण्यात आधी कालवतात. माणशी एक चमचा पुरतो. त्यानंतर सार पुन्हा उकळू द्यायचं नाही, कारण मुरताना कमावलेला सुगंध उकळीबरोबर उडून जातो. घोटायचं काम आता कारखान्यात आधीच झालेलं असतं, म्हणून सुरिबाचीची गरज उरली नाही. पूर्वी मात्र मिसो घोटण्याच्या घरघरीनं घर जागं होई.

एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हे सार खऱ्या अर्थानं रोजचं झालं. कितागावा मोरिसादा याने 1837 पासून लिहिलेल्या शहरी रीतिरिवाजांच्या बाडात एक मजेदार फरक टिपला आहे: एदोत भात सकाळी शिजतो आणि मिसोच्या साराबरोबर गरम खाल्ला जातो, तर क्योतो-ओसाकात भात दुपारी शिजतो. एदोच्या चाळींतल्या एकखणी घरांत चूल नावालाच असे. पहाटे फेरीवाले नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, आणि छोट्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या विकत येत, त्या साऱ्या सारात पडत. दाशी दरवेळी असेच असं नाही. खेड्यापाड्यांत तर बारीक सुकी मासळी मिळाली तर मिळाली, नाहीतर पाणी, भाजी आणि मिसो.

खेड्यात मिसो विकत घेणं म्हणजे संसार नीट न चालल्याची कबुली. हिवाळ्याच्या शेवटी, जंतूंची वाढ मंद असते तेव्हा, मोठ्या कढईत सोयाबीन शिजे. दाणा अंगठा आणि करंगळीत धरून सहज चुरडला की झाला. मग ठेचून त्याचे गोळे करत आणि गवताच्या दोरीनं ते चुलीवरच्या आढ्याला टांगत. काही आठवड्यांत हवेतली आणि गवतातली बुरशी त्यांवर आपोआप चढे. वसंतात गोळे फोडून, मिठात कालवून पिंपात दाबून भरत. हवा राहू नये म्हणून लगद्याचे गोळे पिंपात जोरानं आपटायचे, वर मिठाचा थर, त्यावर दगड. तांदूळ सुबत्तेचा होता तिथे तांदळाची कोजी पडे, दक्षिणेकडच्या क्यूशूत जवाची, ओकाझाकीच्या तोकाई भागात नुसत्या सोयाबीनची. क्योतोत दरबारी थाटाचा, भरपूर तांदळाचा गोड, पांढरा मिसो. उन्हाळ्यात घरोघर कुटल्या जाणाऱ्या मसाल्यावरून आपल्याकडे जशी प्रत्येक घराची मिजास, तशीच तिथे मिसोवरून. स्वतःची टिमकी वाजवण्याला जपानीत आजही ‘आपल्या घरचा मिसो’ असंच म्हणतात.

पुढचं सगळं भराभर घडलं. 1908 मध्ये तोक्यो विद्यापीठातल्या इकेदा किकुनाए याने कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढून त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. दुसऱ्याच वर्षी ते ‘अजिनोमोतो’ नावानं बाटलीत विकायला आलं. 1913 मध्ये त्याचा शिष्य कोदामा शिंतारो याने कात्सुओबुशीतलं इनोसिनेट ओळखलं. ही दोन्ही द्रव्यं एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी तीव्र लागते. आचाऱ्यांना हे जिभेवरून आधीच ठाऊक होतं. 1923च्या महाभूकंपात तोक्योतले मिसोवाले उद्ध्वस्त झाले आणि मदत म्हणून नागानोचा फिकट शिनशू मिसो राजधानीत आला तो कायमचा. पुढे महायुद्धात शिधापत्रिका आल्या आणि तांदूळ जास्त लागतो म्हणून एदोचा स्वतःचा गोड मिसो जवळजवळ संपला. आज देशातल्या मिसोपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या नागानोत बनतो, हा त्या दोन आपत्तींचाही परिणाम आहे.

युद्धानंतर खेड्यांतली तरुण माणसं शहरांत गेली, चुली गेल्या, आढी गेली, त्यांच्याबरोबर टांगलेले गोळेही गेले. 1970 मध्ये दाशीची पूड आली, 1974 मध्ये ‘आसागे’ हे पाकिटातलं झटपट सार, 1982 मध्ये दाशी आधीच मिसळलेला मिसो. चारच दशकांत घरचं सार म्हणजे गरम पाणी आणि पाकीट, इथवर मजल गेली. पाकिटाला नावं ठेवणं सोपं आहे. पण रोज पहाटे उठून मिसो घोटणाऱ्या बाईला कुणी विचारलं असतं, तर तिनं पाकीट आनंदानं घेतलं असतं.

ओकाझाकीत मात्र भांडण जुन्या पद्धतीवरूनच पेटलं. हाच्चो गावात आता दोनच जुने उत्पादक उरलेत, काकुक्यू आणि मारुया. 2017 मध्ये सरकारनं ‘हाच्चो मिसो’ या नावाला भौगोलिक मानांकन दिलं, ते सबंध आइची प्रांतातल्या उत्पादकांच्या संघटनेला. तिच्या नियमांत दोन वर्षांची मुरवण, लाकडी पिंप, गोटे, यांतलं काहीच सक्तीचं नाही. हाच्चो गावातले हे दोघे मात्र त्या मानांकनाबाहेर राहिले, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

दुसऱ्या टोकाला दोई योशिहारू हा टीव्हीवर गाजलेला स्वयंपाकतज्ज्ञ आहे. 2016 मध्ये त्यानं ‘एक सार, एक तोंडीलावणं एवढं पुरे’ असं सांगणारं पुस्तक काढलं आणि ते धो-धो खपलं. रोज तीन-चार पदार्थ रांधायचं ओझं वाहणाऱ्या नोकरदार बायकांना आणि एकट्या राहणाऱ्यांना त्यानं सांगितलं की भात शिजवा, वाटीभर भाज्या पाण्यात शिजवा, मिसो कालवा, लोणचं घ्या. भाज्या भरपूर असतील तर दाशीचीही गरज नाही, त्याच चव सोडतात. त्याच्या वाटीत टोमॅटो असतो, अंडं असतं, कधी बेकनसुद्धा. कोंबूच्या जहाजांनी आणि कात्सुओबुशीच्या धुरीनं दोनशे वर्षं घालून जे वाटीत आणलं, ते वगळायला त्याची काहीच हरकत नाही.